कोळसा शोधायला गेले आणि मासा हाती लागला: मांजरसुंबा ते सिरोंचा, एका जुरासिक सरोवराचा माग

बीडहून दक्षिणेकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. सोलापूर-धुळे महामार्ग इथे बालाघाटाच्या माथ्यावर येतो आणि अंबाजोगाईकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधिस्थानालगत पावसाळी धबधबा कोसळतो. (नगरजवळच्या डोंगरगणचा मांजरसुंबा किल्ला वेगळा, इतिहासप्रेमींच्या चर्चेत या दोघांची गल्लत वारंवार होते.) घाटाच्या कापणीत आणि कपिलधारच्या कड्यात एकच दगड दिसतो: काळा, टणक, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला. हा दगड किती जुना? डायनासोरांच्या ज्या काळाला आपण जुरासिक म्हणतो, त्या काळचा का? आणि तसा नसेल, तर त्याच्याखाली जुरासिक काळचे काही पुरलेले असेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हा दगड जुरासिक नव्हे. हा बेसॉल्ट, म्हणजे थंड होऊन गोठलेला लाव्हा. दख्खनचे हे प्रचंड उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आणि त्यांतला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर ओतला गेला. जुरासिक काळ सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि १४.५ कोटी वर्षांच्या सुमारास संपला. म्हणजे जुरासिक संपल्यावर जवळजवळ ८ कोटी वर्षांनी मांजरसुंब्याचा कातळ जन्मला. आपल्यापासून तो जितका दूर आहे, त्याहूनही जुरासिकचा अंत त्याच्यापासून अधिक दूर होता.

बालाघाटात विहीर खणणाऱ्यांना या लाव्ह्याची रचना पुस्तकाविना ठाऊक असते. वर मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ, त्याखाली भोकाभोकांचा मऊसर मांजऱ्या, आणि मधूनच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा. प्रत्येक कातळ-मांजऱ्याची जोडी म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात झिजून तयार झालेली माती, पुढच्या लोंढ्याने भाजून काढलेली. घाटाला पायऱ्या पडतात त्या याच क्रमामुळे. युरोपीय भूवैज्ञानिकांनी अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले तेही पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून.

दुसरा प्रश्न मात्र अवघड. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमीवर ही काळी चादर पसरली आहे आणि संपूर्ण बीड जिल्हा तिच्याखाली झाकलेला आहे. चादरीखाली काय आहे ते पाहायचे तर दोनच मार्ग: चादर जिथे संपते तिथवर चालत जायचे, नाहीतर तिला भोक पाडायचे. इतिहासात दोन्ही मार्ग चोखाळले गेले. पहिल्या मार्गाला वाटाड्या आहे तो मांजरसुंब्याचाच पाऊस.

घाटाच्या उत्तर अंगाचे पाणी बिंदुसरेने बीड शहरातून सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीत उतरते. माथ्यावरून दक्षिणेकडे वाहणारे पाणी मांजरा नदीकडे जाते. ही मांजरा पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, लातूर, बिदर, मेदक असा लांबलचक वळसा घेते आणि पुन्हा उत्तरेला वळून कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच भेटते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेले थेंब शेकडो किलोमीटर वेगवेगळे हिंडून एका पात्रात येतात. तिथून ते एकत्र पुढे जातात आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या संगमावर पोहोचतात.

या प्रवासात पात्रातला दगड बदलत जातो, आणि तो कोणत्या क्रमाने बदलतो याकडे नीट लक्ष द्यावे. नांदेडपर्यंत काळा बेसॉल्ट. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, बिलोली-देगलूरच्या बाजूला, बेसॉल्ट संपतो आणि गुलाबी-करडा ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटचा हा प्रदेश ओलांडला की मंचेरियालच्या पुढे वाळूचे खडक सुरू होतात आणि सिरोंच्याच्या परिसरात त्यांच्या जोडीला एक अगदी वेगळा दगड दिसतो: फिका, पातळ पापुद्र्यांचा चुनखडक आणि त्याच्या थरांमध्ये मऊ मार्ल. महाराष्ट्रातला जुरासिक खडक पाहायचा तर तो इथे. प्राणहितेच्या डाव्या तीरावरील कोटा या लहानशा गावावरून भूविज्ञानात त्याला ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. राजस्थानातल्या कोटा शहराशी आणि फरशीच्या ‘कोटा’ दगडाशी याचा काही संबंध नाही.

मार्ल म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. ढोबळमानाने निम्मा चुना आणि निम्मी चिकणमाती असलेला खडक. चुना वाढला तर तो चुनखडकाकडे झुकतो, माती वाढली तर शेलकडे. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुना फसफसतो, माती मागे राहते. ‘जुरासिक’ हे नावच मुळी अशा दगडांच्या प्रदेशातून आले. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरील ज्युरा पर्वतात चुनखडक आणि मार्ल यांचे थर एकाआड एक रचलेले आहेत. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या चुनखडकाला पर्वताचे नाव दिले आणि १८२९ मध्ये अलेक्झांद्र ब्रोंन्यार यांनी त्यावरून ‘जुरासिक’ ही संज्ञा रूढ केली. एक सावधगिरी इथेच नोंदवतो. बीडच्या काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, त्यांवरही आम्ल फसफसते. पण ते खडे मातीतच, अलीकडच्या काळात तयार झालेले. रसायन एक, वय निराळे. दगडाचे वय फसफसण्यावरून ठरत नाही.

कोट्याच्या दगडाचे वय ठरले ते एका माशामुळे, आणि मासा सापडला तो कोळशाच्या शोधात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आगबोटी आणि मागोमाग आगगाड्या यांची भूक वाढत होती आणि भारतात कोळसा कुठे कुठे आहे, हा कंपनी सरकारच्या कारभारातील जिव्हाळ्याचा प्रश्न झाला होता. कोटा त्या वेळी निझामाच्या मुलखात होते. १८४१ मध्ये वॉकर यांनी कोट्याला मिळालेल्या कोळशाविषयीचे टिपण बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे थॉमस बेल यांनी तिथे जमिनीत वेधछिद्रे घेतली आणि त्यांचे वृत्तांत १८५२ व १८५३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आले. खाणीला पुरेल असा कोळसा कोट्याला लागला नाही. लागणार तरी कसा? या भागातील खरा कोळसा पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. कोट्याचे थर त्याच्या कितीतरी वरचे, कितीतरी नंतरचे. म्हणजे ही मंडळी इमारतीच्या वरच्या मजल्यावर तळघर शोधत होती. पण हे त्यांना कळायला आधी त्या थरांचे वय कळायला हवे होते, आणि ते सांगणारे पुरावे अजून कोणी वाचले नव्हते.

कोट्याच्या पापुद्री चुनखडकात माशांचे ठसे होते, जाड, चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराच्या खवल्यांसकट. त्यांतले नमुने विल्यम हेन्री साइक्स यांच्यामार्फत लंडनच्या विद्वानांपुढे आले. साइक्स हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तकार म्हणून त्यांनी दख्खन पालथे घातले. इथली शेती, पक्षी, हवामान आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर यांची त्यांनी तपशीलवार नोंद केली. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षही झाले. म्हणजे ज्या माणसाने दख्खनच्या काळ्या पायऱ्यांचे आरंभीचे शास्त्रीय वर्णन केले, त्याच माणसाच्या हातून १८५१ मध्ये पायऱ्यांच्या पलीकडचा हा मासा विज्ञानात दाखल झाला. जीवाश्म माशांचे जाणकार सर फिलिप एगर्टन यांनी त्याचे वर्णन केले. माशाच्या जातीला नाव मिळाले ‘डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा. त्याच्या प्रजातीचे, लेपिडोटसचे, मासे युरोपातील जुरासिक थरांत आधीच ओळखीचे होते. तिथला काळ इथे लावता येत होता. प्राणहितेच्या काठाला प्रथमच एक तारीख मिळाली.

तारीख मिळाली, पण भांडणे मिटली नाहीत. या कथेतील माझा आवडता माणूस नागपूरचा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तिथे आहे. धर्मप्रचार हे त्यांचे काम होते, पण दगड पाहिला की त्यांचा पाय अडत असे. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्मांवर लिहिलेला प्रबंध १८५५ मध्ये लंडनला छापला गेला. कोट्याच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील मालेरीच्या तांबड्या मातीत त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मालेरीच्या एका मगरीसारख्या प्राण्याला लायडेकर यांनी १८८५ मध्ये ‘हिस्लॉपी’ हे नाव दिले.

मालेरीची हाडे ट्रायासिक वळणाची होती, कोट्याचे मासे जुरासिक वळणाचे. दोन्ही ठिकाणे जवळजवळ, थरांचे संबंध झाडीत आणि मातीत लपलेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी १८८१ च्या आपल्या मोठ्या अहवालात दोहोंना एकत्र करून ‘कोटा-मालेरी’ असा एकच गट मानला. याच किंग यांनी १८७१ च्या सुमारास येल्लंदूजवळचा कोळसा शोधला होता, ज्यावर पुढे सिंगरेणीचा खाणउद्योग उभा राहिला. कोळसा सापडला, पण कोट्याला नव्हे. खालच्या, जुन्या थरांत. या साऱ्या खालच्या-वरच्या थरांना मिळून ‘गोंडवन’ हे नाव मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये सुचवले आणि फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापून रूढ केले. चांद्याच्या गोंड राजांच्या मुलखाशी नाते सांगणारे हे नाव १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एदुआर्ड झ्यूस यांनी आफ्रिका-भारतादी भूभागांच्या एकत्रित प्राचीन खंडाला दिले. आज जगातील कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात तो शब्द सापडतो. आपल्याकडच्या किती जणांना तो आपल्या शेजारचा वाटतो, हा प्रश्न वेगळा.

आता त्या काळचा देखावा. भारत तेव्हा आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांना चिकटलेला होता. हिमालय नव्हता, सह्याद्री नव्हता, बालाघाटही नव्हता. आजच्या प्राणहिता-गोदावरीच्या वाटेवर वायव्य-आग्नेय दिशेने जमिनीची एक लांब पट्टी दोन बाजूंच्या भ्रंशांमध्ये खचत चालली होती. अशा भूरूपाला खचदरी म्हणतात. एका बाजूला धारवाडचा, दुसऱ्या बाजूला बस्तरचा अतिप्राचीन कठीण भूभाग. दरी खचत राहिली म्हणून गाळ साचत राहिला आणि गाळ टिकला तोही तो खाली गेल्यामुळेच. कोटा शैलसमूहाच्या खालच्या भागात नद्यांनी आणलेली वाळू, गोटे आणि तांबडी माती आहे. वर चुनखडक, मार्ल आणि चिकणमातीचा पट्टा येतो. तो उथळ, संथ सरोवरांचा. पाणी निवळ असताना तळाशी चुन्याचा बारीक साका बसला, त्याचा चुनखडक झाला. नद्यांनी गढूळ पाणी आणले की साक्यात माती मिसळली, त्याचे मार्ल झाले. मेलेले मासे या मऊ गाळात न विस्कटता निजले. थरांची ही आलटापालट म्हणजे निवळ आणि गढूळ दिवसांची नोंदवही.

स्वातंत्र्यानंतर या वहीचे वाचन पुन्हा सुरू झाले ते एका अनपेक्षित जागी. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५७ मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली भूविज्ञानाचे काम उभे राहिले. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे खणावीत, याचे आज नवल वाटते. महालनोबीसांना वाटले नाही. प्राणहितेच्या पलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ दरम्यान कोटा शैलसमूहाच्या खालच्या थरांत महाकाय हाडे सापडली. सुमारे ३०० हाडे, किमान सहा प्राण्यांची, सोबत दगड झालेले वृक्षांचे बुंधे. कवटी मात्र एकही नाही. सुमारे १४ मीटर लांबीचा हा शाकाहारी डायनासोर. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले: बारापासॉरस टागोरी. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोरी हे १९६१ च्या रवींद्रनाथ जन्मशताब्दीचे स्मरण. त्याचा उभारलेला सांगाडा कोलकात्याच्या त्या संस्थेत आहे. याच वर्षांतील कामातून कोटा आणि मालेरी वेगळे काढले गेले: मालेरी ट्रायासिक, कोटा जुरासिक, मध्ये सुमारे ४ कोटी वर्षे. किंग यांनी मारलेली गाठ ऐंशी-नव्वद वर्षांनी सुटली.

डायनासोरांचे कौतुक सगळ्यांना असते. मला स्वतःला त्याहून मोठा शोध वाटतो तो सरोवराच्या चिखलातला. मऊ माती आणि मार्ल पोत्यांनी गोळा करून, पाण्यात विरघळवून, बारीक चाळणीतून गाळून आणि मग उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडून संशोधकांनी उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे दात मिळवले. १९८१ मध्ये त्यांपैकी एकाला नाव मिळाले कोटाथेरियम हाल्डेनी, भारताचे नागरिकत्व घेतलेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांच्या स्मरणार्थ. चौदा मीटरच्या प्राण्याच्या पायाखालून आपले दूरचे नातलग पळत होते, याचा हा भारतातला पुरावा. आपल्या हद्दीत, सिरोंचा तालुक्यातील वडधमला जीवाश्म उद्यान आहे. महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या सहली तिकडे वळतात?

तर मग, हे सरोवर मांजरसुंब्याच्या काळ्या पायऱ्यांखालीही पसरले असेल का? वाटाड्या नदीने अर्धे उत्तर आधीच दिले आहे. बेसॉल्टची चादर नांदेडच्या पुढे संपली तेव्हा तिच्याखालून चुनखडक निघाला नाही, वाळूचा खडक निघाला नाही. ग्रॅनाइट निघाला. गोंडवनाचे थर त्यानंतर, खचदरीच्या हद्दीत आल्यावरच दिसले. खचदरीच्या बाहेरची जमीन उंच राहिली. तिथे गाळ साचण्याऐवजी झीजच होत राहिली.

उरलेले उत्तर दुसऱ्या मार्गाने आले, चादरीला भोक पाडून. त्याचे निमित्त फार दुःखद होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे ८ हजार माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, निर्धास्त भूमी हा समज त्या पहाटे मोडला. किल्लारी मांजरसुंब्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कातळाखाली नेमके काय आहे हा प्रश्न आता कोळशाचा किंवा कुतूहलाचा उरला नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतले.

वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट निघाला, लोंढ्यावर लोंढा. त्याखाली गाळाचा एक पातळ थर. आणि लगेच नीस व ग्रॅनाइट, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा पाया. कोयनेच्या परिसरातील एका छिद्रात तर ९३२ मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइटच लागला, मध्ये गाळाचा मागमूसही नाही. किल्लारीचा तो पातळ थर अवघा ८ मीटरचा. पायाचा खडक बनल्यापासून पहिला लाव्हा येईपर्यंतच्या जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांतून तिथे एवढेच उरले आहे. जुरासिकची साडेपाच कोटी वर्षेही त्याच हरवलेल्या काळात गेली. सिरोंच्याला सरोवरात मासे पोहत होते तेव्हा किल्लारीच्या या जमिनीवर पाऊस पडत होता, दगड झिजत होता आणि माती वाहून जात होती.